क्रिस्टियान बिर्केलँड : ध्रुवीय प्रकाशाचा उपासक

कला शाखेच्या वार्षिकात एका पदार्थवैज्ञानिकाचे चरित्र पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. माझा विषय तत्त्वज्ञान. तर्कशास्त्राच्या तासाला आपण सारेच डोंगरावरच्या धुराचे उदाहरण शिकतो. धूर दिसतो आहे, म्हणजे तिथे अग्नी असला पाहिजे. उदाहरण सोपे वाटते, कारण धूर आणि अग्नी यांचे नाते आपण घरच्या चुलीपाशी पाहिलेले असते. पण एकाच धुराची दोन कारणे संभवत असतील, दोन्ही सारखीच पटण्याजोगी असतील आणि डोंगरावर चढून पाहण्याची सोयच नसेल, तर काय करावे? हा प्रश्न मनात घोळत असताना नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्केलँडचे चरित्र माझ्या वाचनात आले. या माणसाने धूर पाहिला, अग्नी ओळखला, आणि तरीही त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ पन्नास वर्षे जगाने तो अग्नी नाकारला. का नाकारला, हे समजून घ्यावे म्हणून हा लेख.

बिर्केलँडचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजी क्रिस्तियानिया येथे झाला. याच शहराला आज आपण ओस्लो म्हणतो. गणित हे त्याचे पहिले प्रेम. त्या प्रेमापायी तो पॅरिसला गेला आणि आंरी पॉइन्कारेसारख्या थोर गणितज्ञाच्या हाताखाली शिकला. पुढे जर्मनीत बॉन येथे, विद्युत् चुंबकीय लहरी प्रथम प्रयोगशाळेत निर्माण करणाऱ्या हाइनरिख हर्ट्‌झजवळ त्याने काही काळ काम केले. १८९५ मध्ये मॅक्सवेलच्या प्रसिद्ध समीकरणांची व्यापक उकल त्याने प्रसिद्ध केली आणि १८९८ मध्ये, वयाच्या तिशीतच, क्रिस्तियानिया विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. खडू, फळा आणि समीकरणे यांच्या सोबतीने त्याला उरलेले आयुष्य मानाने काढता आले असते. पण एका काचेच्या नळीने त्याला त्या वाटेवरून बाजूला ओढले.

त्या काळी युरोपातल्या प्रयोगशाळांत एक नवल गाजत होते. काचेच्या नळीतली हवा जवळजवळ सगळी उपसून काढायची आणि दोन टोकांना विजेचा मोठा दाब द्यायचा. मग ऋण टोकाकडून काही अदृश्य किरण निघत आणि समोरच्या काचेवर आदळून तिला उजळून टाकत. हे कॅथोड किरण म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, हे १८९७ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हते. बिर्केलँडने त्याआधीच अशा नळीपुढे एक जोरकस चुंबक धरला. तेव्हा किरण विखुरले नाहीत. ओंजळीतले पाणी बोटांच्या टोकाशी एकत्र यावे, तसे ते चुंबकाच्या ध्रुवाकडे एकवटत गेले. १८९६ मध्ये पॉइन्कारेने या प्रयोगाचे गणित मांडले. चुंबकाच्या एका ध्रुवाच्या प्रभावाखाली विद्युत् भारित कण शंकूच्या पृष्ठभागावरून वळत वळत पुढे जातो, असे त्यातून निघाले.

इथे थोडे थांबून हा नियम समजून घेतला पाहिजे, कारण बिर्केलँडचे सारे आयुष्य त्याभोवतीच फिरते. चुंबकीय क्षेत्रात विद्युत् भारित कण शिरला की त्याच्यावर एक बल लागू होते. हे बल कणाच्या गतीला आणि चुंबकीय बलरेषेला, दोहोंनाही काटकोनात असते. त्यामुळे ते कणाचा वेग वाढवत नाही की कमी करत नाही, फक्त त्याची दिशा वळवत राहते. कण रेषेला आडवा जाऊ लागला तर त्याचे वर्तुळ होते. तो रेषेच्या दिशेनेच जात असेल, तर त्याला कसलीच आडकाठी नसते. आणि दोन्ही गती एकत्र असतील, तर खांबावर वेल चढावी तसा तो बलरेषेभोवती वळसे घेत पुढे सरकतो. शेतातल्या पाटाचे पाणी बांध ओलांडत नाही, पण पाटातून मैलभर धावते. विद्युत् भारित कणांना चुंबकीय बलरेषा अशाच पाटासारख्या असतात.

आता असे सुटे कण कोट्यवधींच्या संख्येने एकत्र आले तर? एखादा वायू अतिशय तापला किंवा त्यातून जोराचा विद्युत् प्रवाह गेला, की त्याचे अणू फुटून ऋण इलेक्ट्रॉन आणि धन आयन वेगळे होतात. अशा वायूला आज प्लाझ्मा म्हणतात. मराठीत त्यासाठी आयनद्रायू असा शब्द योजलेला आहे. आकाशातली वीज, सूर्य आणि तारे ही सारी त्याचीच रूपे. प्लाझ्मा हा शब्द या अर्थाने अमेरिकेच्या अर्व्हिंग लँगम्यूरने १९२८ मध्ये रूढ केला. बिर्केलँडच्या कानावर तो कधी पडलाच नाही. पण बाहेरच्या चुंबकीय क्षेत्रात हा पदार्थ कसा वागतो, याचा शोध त्याने नावाची वाट न पाहता घेतला.

नळीतला तो एकवटणारा प्रकाश पाहून त्याला आपल्या देशाचे आकाश आठवले. उत्तर नॉर्वेत हिवाळ्याच्या रात्री हिरवे, तांबूस पडदे आकाशात हलताना दिसतात. हाच ध्रुवीय प्रकाश. तो पृथ्वीवर सगळीकडे दिसत नाही, तर चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या कड्यातच प्रामुख्याने दिसतो. बिर्केलँडने अनुमान केले की सूर्याकडून असेच किरण येत असावेत आणि चुंबक असलेली आपली पृथ्वी त्यांना ध्रुवांकडे वळवत असावी. वातावरणाच्या वरच्या विरळ थरावर ते आदळले की नळीतल्या वायूसारखे आकाश उजळत असले पाहिजे. १८९६ मध्ये त्याने ही कल्पना मांडली. काचेच्या नळीपासून थेट सूर्यापर्यंतची ही उडी होती. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो विशेषतः यासाठी, की उडी मारल्यावर तो घरी बसून राहिला नाही. पडताळा पाहण्यासाठी तो बर्फात गेला.

ध्रुववृत्ताच्या उत्तरेला, अल्टा गावाजवळच्या काफ्योर्डच्या काठी हाल्दे नावाचा डोंगर आहे, सुमारे ९०० मीटर उंचीचा. त्याच्या माथ्यावर बिर्केलँडने दगडी वेधशाळा उभारली आणि १८९९-१९०० चा सारा हिवाळा सहकाऱ्यांसह तिथे काढला. महिनोन्‌महिने सूर्य उगवत नसे. वारा इतका की दार उघडून बाहेर पाऊल टाकणे म्हणजे जिवाशी खेळ. या मोहिमांची किंमत थोडी नव्हती. ब्यॉर्न हेलांड-हॅन्सन हा वैद्यकाचा विद्यार्थी त्याच्याबरोबर गेला होता. हिमदंशाने त्याची बोटे गेली, आणि डॉक्टर होण्याचे सोडून तो पुढे नामवंत समुद्रवैज्ञानिक झाला. दुसरा एक तरुण सहकारी हिमप्रपाताखाली सापडून मरण पावला. ज्ञानासाठी माणसांना कुठवर न्यावे, हा प्रश्न चरित्रकाराला टाळता येत नाही. एवढेच म्हणता येईल, की बिर्केलँड इतरांना पुढे धाडून मागे राहिला नाही. त्याची स्वतःची प्रकृतीही याच वर्षांत ढासळू लागली.

१९०२-०३ च्या हिवाळ्यात त्याने याहून मोठा घाट घातला. नॉर्वेचे काफ्योर्ड, आइसलँड, स्पिट्‌सबर्गन आणि रशियाच्या उत्तरेचे नोव्हाया झेम्ल्या अशा चार ठिकाणी एकाच वेळी चुंबकसूचीच्या हालचाली नोंदवल्या. त्यांच्या जोडीला जगातल्या इतर वेधशाळांच्या नोंदीही मागवल्या. आकाशात प्रकाश नाचू लागला की जमिनीवरची चुंबकसूची थरथरते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. चार ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर बिर्केलँडला त्या थरथरीत एक आकृती दिसली. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यात, जमिनीपासून शंभरएक किलोमीटर उंचीवर, विजेचा प्रचंड प्रवाह आडवा वाहत असला पाहिजे. त्याचा त्याने केलेला अंदाज लक्षावधी अँपिअरच्या घरात जाणारा होता. पण हा प्रवाह येतो कुठून आणि जातो कुठे? बिर्केलँडचे उत्तर असे होते : तो अवकाशातून चुंबकीय बलरेषांच्या वाटेने खाली उतरतो, काही अंतर आडवा वाहतो आणि तशाच दुसऱ्या वाटेने वर परत जातो. १९०८ आणि १९१३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने हे सविस्तर मांडले.

मोहिमांना पैसा लागतो, आणि सरकार देऊन देऊन किती देणार? पैसा उभा करण्यासाठी बिर्केलँडने जो उद्योग केला, तो एखाद्या प्रहसनात शोभावा असा आहे. विजेच्या वेटोळ्यांच्या जोरावर लोखंडी गोळा फेकणारी तोफ त्याने बनवली, १९०१ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि कंपनीही काढली. १९०३ मध्ये विद्यापीठाच्या सभागृहात प्रतिष्ठितांपुढे तिचे प्रात्यक्षिक झाले. कळ दाबताच यंत्रात शॉर्टसर्किट झाले, कानठळ्या बसवणारा आवाज झाला, ज्वाळा उसळली आणि प्रेक्षकांची पळापळ झाली. तोफेच्या कंपनीचे भवितव्य तिथेच संपले.

योगायोग असा, की त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका मेजवानीत त्याची सॅम आयडे या अभियंत्याशी गाठ पडली. आयडेला हवेतील नायट्रोजनापासून खत बनवायचे होते. युरोपातली शेती तेव्हा चिली देशातून येणाऱ्या सोऱ्यावर चालत असे. तो साठा संपला तर गहू पिकणार कसा, असा इशारा इंग्लंडच्या विल्यम क्रुक्सने १८९८ मध्येच दिला होता. हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी सहजासहजी संयोग पावत नाही. त्यासाठी आकाशातल्या विजेसारखी प्रखर ज्योत लागते. आयडेला अशी वीज जमिनीवर हवी होती, आणि बिर्केलँडपाशी ती होती. विजेची ज्योत, जिला आर्क म्हणतात, हाही प्लाझ्माच. तिच्यावर आडवे चुंबकीय क्षेत्र लावले की क्षेत्र तिला बाजूला ढकलते. प्रवाह उलटसुलट बदलणारा असेल तर ती एकदा वर आणि एकदा खाली ढकलली जाते आणि पाहणाऱ्याला धगधगती तबकडी दिसते. या तबकडीतून हवा सोडली की तिच्यातला थोडा नायट्रोजन जळतो, त्याचे आम्ल बनते आणि चुनखडीशी संयोग होऊन खत तयार होते. १९०५ मध्ये नोटोडेन येथे कारखाना सुरू झाला आणि त्याच वर्षी नॉर्स्क हायड्रो ही कंपनी स्थापन झाली. पुढे हाबर-बॉश पद्धत स्वस्त पडल्याने ही भट्टी मागे पडली, पण नॉर्वेच्या उद्योगधंद्याचा पाया तिने घातला.

हे प्रकरण मी लांबवले, कारण एकाच नियमाच्या दोन बाजू त्यात दिसतात. बलरेषेला आडवी जाणारी वीज चुंबकाने बाजूला ढकलली, त्यातून शेताला खत मिळाले. बलरेषेच्या वाटेने जाणाऱ्या विजेला चुंबकाने वाट करून दिली, त्यातून आकाश उजळले. बिर्केलँडला पहिल्याने पैसा दिला, आणि तो सारा त्याने दुसऱ्यापायी खर्च केला.

त्या पैशातून त्याने प्रयोगशाळेत अवकाशच उभे केले. चुंबकत्व असलेला एक धातूचा गोल, पृथ्वीची प्रतिमा, त्याने निर्वात पेटीत टांगला. अशा गोलाला टेरेला, म्हणजे छोटी पृथ्वी, हे नाव इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० सालीच दिले होते. गोलावर किरण पडताच चमकणारा लेप दिलेला होता. पेटीत विजेचा झोत सोडला की गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोवती प्रकाशाची दोन कडी उमटत. ध्रुवावर अंधार आणि त्याच्याभोवती वलय, अगदी खऱ्या आकाशातल्यासारखे. अशा अनेक पेट्या त्याने बांधल्या. सर्वांत मोठीचे आकारमान सुमारे हजार लिटर होते. त्याचाच सहकारी कार्ल स्टॉर्मर याने एकेका कणाचा पृथ्वीभोवतीचा मार्ग हाताने गणित करून काढण्यात वर्षे घालवली. एक काचेत पाहत होता, दुसरा कागदावर मोजत होता.

संसार मात्र त्याला जमला नाही. १९०५ मध्ये त्याने इडा हॅमरशी विवाह केला. त्याच्या दिवसरात्रीच्या कामापुढे त्या घरात तिला जागा उरली नाही, आणि काही वर्षांत ती वेगळी झाली. नोबेल पारितोषिकासाठी त्याचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्याला लाभले नाही. झोप उडाली होती. ती आणण्यासाठी तो व्हेरोनल नावाचे औषध घेई. १९१३ मध्ये तो इजिप्तला गेला. सूर्यास्तानंतर क्षितिजावर दिसणाऱ्या राशिचक्र प्रकाशाचा त्याला तिथून अभ्यास करायचा होता. तेवढ्यात पहिले महायुद्ध पेटले आणि तो तिथेच अडकला. एकटेपणा, मद्य आणि औषध यांनी मन पोखरले. इंग्रज हेर आपल्या पाळतीवर आहेत असे त्याला वाटू लागले. शेवटी युद्धाचे समुद्र टाळून घरी जाण्यासाठी त्याने जपानची लांबची वाट धरली. १५ जून १९१७ रोजी टोकियोतील एका हॉटेलात तो मृतावस्थेत सापडला. अर्ध्या ग्रॅमऐवजी दहा ग्रॅम व्हेरोनल पोटात गेले होते. वय पन्नासही नव्हते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. बिर्केलँडच्या मागे इंग्लंडचा गणितज्ञ सिडनी चॅपमन या विषयाचा अधिकारी पुरुष ठरला. त्याचे म्हणणे असे, की प्रवाह अवकाशातून उतरत नाहीत. ते वातावरणाच्या वरच्या थरातच गोल फिरतात. त्याचे गणित नेटके होते आणि जमिनीवरच्या नोंदींशी जुळत होते. बिर्केलँडचे चित्रही त्याच नोंदींशी जुळत होते. शिवाय बिर्केलँडच्या पक्षावर एक जुना आक्षेप होताच. सूर्याकडून केवळ ऋण कण निघाले, तर ते एकमेकांना दूर लोटून वाटेतच विखुरतील, असे आर्थर शूस्टरने दाखवले होते. आपल्या अखेरच्या वर्षांत बिर्केलँड त्याच्या उत्तराजवळ पोचला होता. सूर्य ऋण आणि धन दोन्ही प्रकारचे कण एकत्र फेकतो, असे तो म्हणू लागला होता. पण ते ऐकायला फारसे कुणी उरले नव्हते.

धुराचे उदाहरण इथे आपली मर्यादा दाखवते. बलरेषांतून उतरणारा प्रवाह आणि वरच्या थरात त्याला मिळणारा आडवा प्रवाह, या दोहोंचे जमिनीवरचे चुंबकीय परिणाम, काही अटी पाळल्या तर, एकमेकांना खोडून टाकतात. जपानच्या नाओशी फुकुशिमाने पुढे हे गणिताने सिद्ध केले. म्हणजे जमिनीवर कितीही चुंबकसूच्या ठेवा, त्यांच्यावरून वाद मिटणारच नव्हता. चॅपमन हट्टी होता किंवा बिर्केलँड कमनशिबी होता, एवढ्याने या कथेचा उलगडा होत नाही. दोघेही एकाच पायथ्याशी उभे राहून माथ्याविषयी बोलत होते.

मध्यंतरी स्वीडनच्या हानेस आल्फव्हेनने १९३९ पासून बिर्केलँडची बाजू उचलून धरली. प्लाझ्मा आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या परस्परसंबंधांवरील कामाबद्दल १९७० मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. प्लाझ्मा हा सुट्या कणांचा केवळ समूह नव्हे. तो स्वतः प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि जे क्षेत्र त्याला वाट दाखवते त्यालाच तो बदलतो. स्टॉर्मरच्या एकेका कणाच्या गणितात हे येऊ शकत नव्हते.

मग माणसाने डोंगरावर चढण्याची सोय केली. १९६२ मध्ये मॅरिनर-२ या यानाने सूर्याकडून अखंड वाहणाऱ्या ऋण-धन कणांच्या झोताची, सौरवाताची, खात्री पटवली. १९६६ मध्ये आल्फ्रेड झ्मूडा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे ११०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या एका उपग्रहाच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावरून जाताना त्याच्या चुंबकमापकाने आडवे झटके दाखवले होते. चॅपमनचे चित्र खरे असते तर एवढ्या उंचीवर ते तसे दिसले नसते. पुढच्याच वर्षी त्यांचा अर्थ बलरेषांतून वाहणारे प्रवाह असा लावला गेला. १९७२ मध्ये सोडलेल्या ट्रायड उपग्रहाने या प्रवाहांचा पूर्ण नकाशा दिला. आज त्यांना बिर्केलँड प्रवाह असेच म्हणतात. त्याच्या सगळ्या कल्पना टिकल्या, असे मात्र नाही. कण सूर्यापासून थेट ध्रुवावर येतात हे त्याचे चित्र फार सोपे होते. वाटेत पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ते अडतात, साठतात आणि तिथे नव्याने वेग घेऊन मग खाली उतरतात. वाट मात्र त्याने सांगितली तीच.

हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. २ सप्टेंबर १८५९ च्या महाभयंकर चुंबकीय वादळाची एक मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली होती. विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी चुंबकसूच्या बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. मे १९२४ नव्हे, अगदी अलीकडे मे २०२४ मध्ये आलेल्या वादळात लडाखमधील हानले येथे आकाश तांबूस झालेले छायाचित्रांत टिपले गेले.

नॉर्वेने १९९४ मध्ये आपल्या दोनशे क्रोनरच्या नोटेवर बिर्केलँडचे चित्र छापले. तोफेने बुडालेल्या आणि खताने सावरलेल्या या माणसाला, ज्याला मिळालेला पैसा कधी खिशात राहिला नाही, नोटेवर जागा मिळावी याची मला गंमत वाटते. पण त्याचे खरे स्मारक तिथे नाही. पुरावा अपुरा असताना अनुमान करण्याचे धैर्य, आणि अनुमान केल्यावर बर्फात जाऊन, काचेच्या पेटीत पाहून ते पडताळण्याची चिकाटी, या दोन गोष्टी एका माणसात क्वचित नांदतात. तर्कशास्त्राच्या पुस्तकात धूर आणि अग्नी यांच्यामधले अंतर एका ओळीचे असते. बिर्केलँडच्या बाबतीत ते त्याच्या सगळ्या आयुष्याहून लांब ठरले, आणि उरलेली वाट इतरांना चालावी लागली.